कातळपाड्याचा ठराव

जिव्याने सवयीने मधली खुर्ची ओढली, तिच्यावर बसला, आणि समोरच्या बायका हसल्या तेव्हा उठला. शाळेच्या पडवीत टेबलामागे तीनच खुर्च्या होत्या. एक ग्रामसेविका प्रभा मॅडमची, एक वीज कंपनीच्या इंजिनियरची आणि मधली सरपंचाची. सरपंच आता त्याची बायको होती.

"बस ना," शुक्री म्हणाली. "मी उभ्यानंच बोलते."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तरी तो पडवीच्या कडेला जाऊन खांबाला टेकला आणि सभा संपेपर्यंत बसला नाही.

२०१८ सालच्या सव्वीस जानेवारीची ग्रामसभा होती. शुक्रीला निवडून येऊन तीन महिने झाले होते. पक्षाचं काम जिव्याने वीस वर्षं केलं, पण नेमकी या खेपेला सरपंचाची जागा बाईसाठी निघाली. तालुक्याच्या पुढाऱ्यांनी सांगितलं, बायकोला उभी कर, म्हणजे तूच की. त्यानेच फॉर्म भरला, त्यानेच घरोघर फिरून मतं मागितली. पहिला महिनाभर ग्रामपंचायतीचा शिक्का त्याच्याच खिशात असायचा. मग एक दिवस प्रभा मॅडमनी हात पुढे केला. "शिक्का सरपंचांकडेच राहू दे, भाऊ." त्याने तो दिला. शुक्री सातवी शिकलेली होती. सरकारी पत्रं ती बोट ठेवून, सावकाश, पण स्वतः वाचायची. जिव्याचे सगळे अर्ज आजवर शाळेच्या गुरुजींनी लिहून दिले होते.

इंजिनियरचं नाव समर्थ. तरुण होता, डहाणूहून मोटारसायकलवर आला होता.

"यंदा एकही घर विजेशिवाय राहता कामा नये," तो सांगत होता. "हे थेट दिल्लीहून आलंय. रोज संध्याकाळी आमच्याकडून वर आकडा जातो. तुमच्या ग्रामपंचायतीत फक्त कातळपाडा राहिलाय. अडतीस घरं. पाडा दुर्गम आहे, तिथवर पोल नेणं अवघड आहे. अशा पाड्यांना सरकार सौर संच देतं. छपरावर एक प्लेट, घरात बॅटरी, पाच दिवे, एक पंखा. फक्त ठराव हवा, की आमचा पाडा दुर्गम आहे आणि आम्हाला संच मान्य आहेत."

"दुर्गम म्हणजे काय?" शुक्रीने विचारलं.

"म्हणजे जिथं सहज पोचता येत नाही."

शुक्रीने शाळेमागच्या टेकडीकडे बोट केलं. टेकडीच्या पलीकडे कातळपाडा, आणि पाड्याच्या डोक्यावरून विजेच्या उंच टॉवरांची लाइन गुजरातेकडून मुंबईकडे गेलेली.

"टॉवरचं लोखंड घेऊन ट्रक पोचले. खांबाला मात्र रस्ता नाही?"

लोकांत कुजबुज झाली. समर्थने वहीत काहीतरी लिहून घेतलं.

जिव्या खांबाला टेकला होता तो ताठ झाला. हे वाक्य त्याचं होतं. टॉवर उभे राहिले त्या वर्षी त्याने पहिला अर्ज दिला, तेव्हा तलाठ्यासमोर तो हेच म्हणाला होता. मग तहसीलदाराच्या शिपायासमोर, मोर्च्यात, प्रत्येक निवडणुकीच्या सभेत आणि घरी भाकरी खाताना. पंधरा वर्षांत ते लिहून घ्यायला कुणी पेन उघडलं नव्हतं.

"ती लाइन वेगळी, मॅडम," समर्थ म्हणाला. "तिच्यातून घराला वीज देता येत नाही. आणि सौर वीज काही कमी नाही. स्वच्छ आहे. धूर कमी करायचा, हे आता देशाचं धोरणच आहे."

"धोरण चांगलंच आहे, साहेब. मग मुंबईच्या घरांनाही हाच संच द्या. आमच्या डोक्यावरची लाइन काढून टाका."

सगळी पडवी हसली. समर्थही हसला. प्रभा मॅडमनी लिहिता लिहिता मान वर करून शुक्रीकडे पाहिलं.

जिव्या हसला नाही. पहिलं वाक्य तिने त्याचं घेतलं, ते त्याने एक वेळ सोडून दिलं असतं. हे दुसरं त्याचं नव्हतं. इतक्या वर्षांत ते त्याला सुचलंच नव्हतं.

त्या दिवशी ठराव झाला नाही. चार दिवसांनी तलासरीच्या स्टँडवर चहा पिताना टपरीवाल्याने त्याच्यापुढे पेपर सरकवला. आतल्या पानावर शुक्रीचा फोटो आणि खाली तिचं लाइन काढून टाकायचं वाक्य होतं. "तुमच्याच ना मिसेस?" जिव्याने मान डोलावली. "मीच शिकवलंय तिला काय बोलायचं ते," तो म्हणाला. टपरीवाला दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला होता. जिव्याने पेपरची घडी करून खिशात घातली आणि घरी जाताना ओढ्यात टाकली.

मार्चमध्ये शुक्रीला पालघरला कलेक्टरच्या बैठकीचं पत्र आलं. विषय होता जिल्ह्यातले वीज न पोचलेले पाडे. जिव्याने धुतलेला सदरा घातला, गाडी काढली. चारोटीला पेट्रोल भरून दोघं हायवेला लागले, मनोरवरून पालघरला पोचले. कलेक्टर कचेरीच्या जिन्यापाशी शिपायाने दोघांना अडवलं.

"सरपंच कोण?"

"मी," शुक्री म्हणाली.

"आणि हे?"

"माझा नवरा. पाड्याच्या विजेचं सगळं त्यालाच माहीत आहे."

"पतींना आत सोडायचं नाही, असं लेखी आहे ताई. मी काय करू?"

शुक्री थांबली. तिने जिव्याकडे पाहिलं. त्याने दुसरीकडे पाहत हाताने खूण केली, जा. तो खाली आवारात थांबला. आणखी पाच-सहा नवरे तिथे उन्हात उभे होते, मोबाइल बघत. त्यांतल्या एकाने त्याला तंबाखू दिली आणि विचारलं, "तुमची पण सरपंच का?" जिव्या तिथून लांब जाऊन उभा राहिला.

दोन तासांनी ती बाहेर आली तेव्हा तिच्यासोबत समर्थ होता, आणखी एक अधिकारी होता. अधिकारी तिच्याशी वाकून बोलत होता. ती मान हलवत होती, जशी ती बाजारात भाव ठरवताना हलवायची. जिव्याने गाडी सुरू केली.

"ऐक ना, आत काय झालं सांगते," मनोरच्या पुढे ती मागून म्हणाली. "साहेबांनी पोलाचं अंदाजपत्रक..."

"राहू दे."

"तुझंच..."

"राहू दे म्हटलं ना. वाऱ्यात काही ऐकू येत नाही."

त्याने गाडी पळवली. तिने त्याचा खांदा धरला होता, तो हात थोड्या वेळाने काढून तिने सीटची कडी धरली. पुढेही तिने तो विषय काढला नाही आणि त्याने विचारला नाही. त्या दिवसापासून मात्र तो तिच्याआधी जेवून घेऊ लागला.

विवळवेढ्याला महालक्ष्मीची यात्रा भरली तेव्हा मनिष भेटला. मनिष पंचायत समितीचा सदस्य, वयाने जिव्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. एके काळी जिव्याच्याच मागे घोषणा देत चालायचा. त्याने जिव्याला सुक्या मासळीच्या दुकानांमागे सावलीत नेलं.

"जिव्यादादा, आपला तालुका मागे पडलाय," तो म्हणाला. "वर नकाशा आहे. ज्या गावाचं काम झालं ते हिरवं होतं. तुझ्या पाड्यापायी आख्खी ग्रामपंचायत लाल दिसते. वरून रोज फोन येतात."

"सरपंचाला सांग."

"तिला सांगून झालं. पण ठराव तिच्या हातात आहेच कुठं? कातळपाड्याला आदिवासींच्या पेसा कायद्याखाली स्वतंत्र गाव केलं, त्याचे कागद कुणी हलवले? तूच. पाड्याची ग्रामसभा वेगळी. तिचा अध्यक्ष त्या दिवशी लोक निवडतात आणि सरपंचाला त्या खुर्चीत बसता येत नाही." मनिष थांबला. "तू बसू शकतोस."

जिव्याने पायाखालचा खडा चपलेने उकरला.

"पंधरा वर्षं तू चपला झिजवल्यास. पाड्यात उजेड आला तर तो कुणाच्या नावावर यायला पाहिजे? संचवाटप डहाणूला होईल. पहिला संच तुझ्या हातात."

यात्रेत शुक्रीही आली होती. ती बांगड्यांच्या दुकानापाशी उभी होती आणि तिच्याभोवती चार गावांच्या बायका होत्या. एक म्हातारी तिच्या गालावरून हात फिरवत होती. जिव्याने ते पाहिलं.

"एक तारखेला सभा लावू," तो म्हणाला.

एप्रिलभर तो कातळपाड्यात घरोघर फिरला. मतं मागायला फिरला होता तसाच, त्याच पायवाटांनी. "पोल येईल तेव्हा येईल," तो सांगायचा. "मी पंधरा वर्षं बघतोय. हे हातात येतंय ते घ्या. दुर्गम लिहिल्यानं आपलं काय जातं? शब्द आहे नुसता." लोक ऐकून घ्यायचे, ताडी पुढे करायचे. काळी नावाची म्हातारी शेवटच्या घरात राहायची, सुनेसोबत आणि नातीसोबत. तिने सगळं ऐकलं आणि विचारलं, "शुक्री काय म्हणते?"

"तिला काय कळतं त्यातलं?" जिव्या म्हणाला. त्याच्या तोंडून ते जरा मोठ्याने गेलं. म्हातारीने त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि भात पाखडायला घेतला.

एक मेच्या सभेला पाड्यातली बहुतेक माणसं चिंचेखाली जमली. अध्यक्ष म्हणून जिव्याचं नाव कुणीतरी घेतलं, हात वर झाले. तो मधे बसला. शुक्री समोर बायकांत बसली, पदर डोक्यावर घेऊन. प्रभा मॅडम ठराव वाचू लागल्या तेव्हा ती उठली.

"पालघरला कलेक्टरसाहेबांनी पोलाचं अंदाजपत्रक करायला सांगितलंय," ती म्हणाली. "दोन-तीन महिने थांबा, एवढंच माझं म्हणणं आहे. एकदा दुर्गम लिहून दिलं की कागदावर आपल्याकडे वीज आली. मग पोल मागायला तोंड राहणार नाही."

"अंदाजपत्रक म्हणजे पोल नाही," जिव्या म्हणाला. "अशी अंदाजपत्रकं मी चार पाहिली आहेत. सरपंचबाई नव्या आहेत, त्यांना सवय नाही."

एक-दोघे हसले. शुक्री त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या ओठांवर काहीतरी आलं होतं, ते ती गिळून खाली बसली.

"संच मान्य असणाऱ्यांनी हात वर करा," प्रभा मॅडम म्हणाल्या.

हात वर झाले. आधी दोन-चार, मग पुष्कळ. काळी म्हातारीनेही हात वर केला. जिव्याने ठरावाखाली अध्यक्ष म्हणून सही केली. नाव लिहायला त्याला वेळ लागायचा, त्या दिवशी आणखी लागला. सही करून मान वर केली तेव्हा शुक्री उठून पायवाटेने निघाली होती.

पावसाच्या तोंडावर संच आले. डहाणूला कार्यक्रम झाला, जिव्याच्या हातात पहिला संच देतानाचा फोटो पेपरात आला. तो पेपर त्याने घरात भिंतीला लावला. कातळपाड्यात घराघरात पांढरा उजेड पडला. माणसं रात्री अंगणात बसून गप्पा मारू लागली, बायका उशिरा भात कांडू लागल्या. दिव्याच्या उजेडात शुक्री कागद वाचायची आणि जिव्या तिच्याकडे बघत बसायचा. ती कधी टाकून बोलली नाही. बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं. पंचायतीचे लोक आले की अजूनही तिलाच विचारायचे, तिच्याचकडे वळून बसायचे. भिंतीवरच्या फोटोने त्यात काही फरक पडला नव्हता.

दुसऱ्या पावसाळ्यात बॅटऱ्या बंद पडू लागल्या. जूनमध्ये आठ घरं, जुलै संपेपर्यंत वीस. आठ-आठ दिवस ऊन नाही, प्लेटांवर शेवाळ. दुरुस्तीला फोन करायचा नंबर पेटीवर छापला होता, तो लागायचा नाही. लोक जिव्याकडे यायला लागले. त्याने अर्ज लिहून घेतला आणि कातळपाड्याला पोल द्यावेत म्हणून डहाणूला नेऊन दिला. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. ते शुक्रीने वाचून दाखवलं. 'सदर पाडा अभिलेखानुसार यापूर्वीच विद्युतीकृत असल्याने मागणी विचारात घेता येत नाही.'

दुसऱ्या दिवशी तो डहाणूच्या ऑफिसात गेला. समर्थ अजून तिथेच होता. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला.

"माझ्या हातात काही नाही, जिव्याभाऊ. तुमच्याच सभेचा ठराव आहे. तो तुमच्याच सभेनं बदलला तर मी पुन्हा वर पाठवू शकतो. नाहीतर नाही." त्याने कपाटातून फाइल काढली. "वाईट वाटतं. तेव्हा अगदी झालंच होतं काम. बघा."

पालघरच्या बैठकीचं इतिवृत्त होतं. समर्थने बोट ठेवलं त्या ओळी जिव्याने सावकाश वाचल्या. मधे थांबला, पुन्हा पहिल्यापासून वाचल्या. 'सरपंच श्रीमती शुक्री धोडी यांनी निदर्शनास आणले की, कातळपाडा येथील श्री. जिव्या लहानू धोडी हे सन २००३ पासून सातत्याने पोलची मागणी करीत आहेत. त्यांच्या अर्जांचा विचार करून पोल उभारणीचे अंदाजपत्रक एका महिन्यात सादर करावे.' समासात लाल शाईने लिहिलं होतं, 'दि. १ मेच्या ठरावामुळे रद्द.'

"माझं नाव कुणी घातलं यात?"

"मॅडमनी. आम्ही नुसतं सरपंचांचं घालत होतो. त्या ऐकेनात. म्हणाल्या, काम त्याचं आहे, मी फक्त सांगायला आले." समर्थने चहाचा कप त्याच्याकडे सरकवला. "तुम्हाला माहीत नव्हतं?"

जिव्याने चहा प्यायला नाही. आशागडपर्यंत तो टमटममधून आला आणि पुढे गाडी मिळत असूनही चालत निघाला. घरी पोचला तेव्हा दुपार उलटली होती. शुक्री भाताच्या खाचरात वाकून गवत काढत होती. तो बांधावर उभा राहिला.

"पालघरला माझं नाव लिहिलंस," तो म्हणाला.

ती सरळ झाली. हातातलं गवत तिने बांधावर टाकलं.

"हो."

"सांगितलं का नाहीस?"

"सांगत होते. तू गाडी पळवत होतास."

"सभेत सांगायचं. चिंचेखाली."

"सगळ्यांसमोर? तू अध्यक्ष होऊन बसलेला असताना?" ती पुन्हा वाकली. "तुझं तोंड कुठं राहिलं असतं?"

पाऊस भुरभुरत होता. जिव्या चपला काढून चिखलात उतरला आणि दुसऱ्या टोकापासून गवत काढायला लागला. दोघं मधे येऊन भेटले तेव्हा तो मान वर न करता म्हणाला, "पंधरा ऑगस्टला पाड्याची सभा लाव. मला बोलायचंय."

पंधरा ऑगस्टला पाऊस होता, म्हणून सभा अंगणवाडीत भरली. अध्यक्ष म्हणून बायजी नावाच्या बाईला निवडलं. जिव्या दाराशी बसला होता. त्याचं नाव घेतल्यावर तो उठला, भिंतीचा आधार घेतला.

"मागच्या साली मी तुमच्या घरी येऊन सांगितलं, संच घ्या," तो म्हणाला. "पोल येणार नाहीत म्हणालो. पोल मंजूर व्हायला आले होते. शुक्री खरं सांगत होती. मी विचारलंच नाही तिला." त्याने दाराबाहेरच्या पावसाकडे पाहिलं. "ती बोलली की सगळे ऐकायचे. ते मला बघवत नव्हतं. माझी बायको, पण मी जळत होतो तिच्यावर. म्हणून ते सगळं केलं. तुमचं नुकसान केलं मी."

तो खाली बसला नाही. काहीतरी येईल म्हणून उभा राहिला, शिवी तरी येईल.

काळी म्हातारी कोपऱ्यातून बोलली. "ते माहीत होतं आम्हाला."

"काय?"

"तू जळतोस ते. आख्ख्या पाड्याला दिसत होतं, तुला काय वाटलं?" तिने तोंडातलं पान बाहेर जाऊन थुंकलं आणि परत येऊन बसली. "पण माझ्या नातीचं, निलमचं दहावीचं वर्ष होतं. शुक्री म्हणाली थांबा. थांबलो असतो, तर पोरगी चिमणीच्या धुरात बसली असती. पास झाली ती. म्हणून मी हात वर केला. तुझ्यासाठी नाही केला."

दोन-तीन बायकांनी माना हलवल्या. कुणी म्हणालं, "आमच्याकडं पण तसंच." एकाने सांगितलं, त्याचा बाप शेवटचे तीन महिने पंख्याखाली झोपला. जिव्या खाली बसला आणि शुक्रीकडे वळला. ती प्रभा मॅडमशेजारी जमिनीवर बसली होती आणि काळीकडे पाहत होती. हे तिलाही नवीन होतं, तिच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं.

"आता तो उजेड गेला," काळी म्हणाली. "आता खांब पाहिजे. पाऊस वाढायच्या आत लिहा, मॅडमला डहाणूला परत जायचंय."

प्रभा मॅडमनी वही उघडली. जुना ठराव रद्द, कातळपाडा दुर्गम नाही, पाड्याला पोल द्यावेत. लिहून झाल्यावर त्यांनी वाचून दाखवलं.

"सूचक कोण?"

लोकांनी सवयीने शुक्रीकडे पाहिलं, मग जिव्याकडे.

"माझं घाला," काळी म्हणाली. "काळी सोन्या वरठा. अंगठा चालतो ना?"

"चालतो, आजी. अनुमोदक?"

मागे दाराशी बसलेल्यांत थोडी हालचाल झाली. जिव्याने हात वर केला.